आजीवन म्हणजे किती वर्षं?

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

गेल्या वर्षी मी मासिकासाठी 'थ्रीडी प्रिंटिंग : उद्याचे तंत्रज्ञान' असा भारदस्त लेख दिला होता. मराठी विभागाच्या मॅडमनी तो दोन मिनिटांत परत केला. "हे सगळं मला नेटवर मिळतं. तू स्वतः एखादी गोष्ट खोलून बघितली असशील तर ती लिही." तेव्हा राग आला होता. पण २०२३ च्या दिवाळीत मला एक गोष्ट खरोखरच नटबोल्ट काढून बघावी लागली. ती गिअरबॉक्स नव्हती. ती होती माझ्या आबाजींची ज्येष्ठ नागरिक संघाविरुद्धची तक्रार.

आमचं गाव लाखनी तालुक्यात. आबाजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, तेव्हा वय ८१. घरात झाडीबोली बोलतात आणि कागदावर मात्र असं मराठी लिहितात की एक अनुस्वार इकडचा तिकडे होणार नाही. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर चार फुलस्केप कागद ठेवले.

"बाबू, तू इंजिनिअर होऊन राह्यला ना? मंग हा अर्ज त टाइप करून दे."

अर्ज वाचून मी गार झालो. 'विश्वासघात', 'संगनमत', 'मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे पदाधिकारी' असे शब्द. शेवटी प्रती कोणाकोणाला? मुख्यमंत्री, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि 'सर्व वृत्तपत्रे'. मागणी काय, हे मात्र चार पानांत कुठेच नव्हतं. मी म्हटलं, "आबाजी, नेमकं पाहिजे काय तुम्हाला?" ते काही बोलले नाहीत. आतून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला आणि माझ्यासमोर उपडा केला. डब्यात पावत्याच पावत्या.

डब्यात काय होतं

आबाजी आणि आजी दोघंही तालुक्याच्या ठिकाणच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचे आजीवन सभासद. (संघाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल.) १९९८ साली प्रत्येकी ५०१ रुपये भरलेले. त्याच वर्षी संघानं 'सभासद साहाय्य निधी' सुरू केला. नियम एका ओळीचा होता. कोणीही सभासद वारला की बाकीच्या प्रत्येकानं ५० रुपये द्यायचे आणि मृताच्या घरी तेराव्याच्या आत दहा हजार रुपये पोचवायचे.

आबाजींच्या नावाच्या पावत्या मी मोजल्या. १३८. म्हणजे ६,९०० रुपये. आजीच्या नावाच्याही तेवढ्याच. प्रत्येक पावतीच्या मागे आबाजींनी त्या गेलेल्या माणसाचं नाव आणि तारीख लिहून ठेवली होती, काहींवर एखादा शब्द : 'कबड्डीपटू', 'उत्तम दंडार करीत', 'माझे ३०० रु. देणे होते, माफ'. सुट्टीतली ती दुपार माझी तशीच गेली.

मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आजी गेली. संघाकडून कोणी आलं नाही. त्या दिवसांत कोणी कोणाकडे जातच नव्हतं, म्हणून आबाजींनी वाट बघितली. सहा महिन्यांनी विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "गुरुजी, थो निधी आता बंद झाला." कधी झाला? कोणत्या सभेत? कोणालाच सांगता येईना. त्यानंतर दोन वर्षं आबाजी संघाच्या पायऱ्या चढले नव्हते.

हे संघ असतात तरी काय?

होस्टेलवर राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना ज्येष्ठ नागरिक संघ म्हणजे बागेत बाकांवर बसून राजकारण बोलणारी मंडळी एवढंच माहीत असतं. माझंही तसंच होतं. प्रत्यक्षात महाराष्ट्रात ही एक मोठी चळवळ आहे. गावोगावचे संघ 'फेस्कॉम' या महासंघाला जोडलेले असतात आणि तो १९८० पासून काम करतो. राज्याच्या ज्येष्ठ नागरिक धोरणात वयाची अट ६५ वरून ६० वर आणावी ही या मंडळींची जुनी मागणी होती. जुलै २०१८ च्या धोरणात ती मान्य झाली. १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन, आरोग्य शिबिर, सहल, वाढदिवसाला गुलाबाचं फूल हे सगळं हे संघ करतात. पगारी नोकर बहुधा नसतोच. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष सगळे स्वतः सत्तरीच्या पुढचे.

इथेच पहिला पेच आहे. आपण मोबाइल घेतला आणि तो बिघडला तर दुकानदार वेगळा, ग्राहक वेगळा. संघात दुकानदारही आपण आणि ग्राहकही आपणच. मग रागवायचं कोणावर?

दोनशेचा आकडा

मी डब्यातलं मूळ माहितीपत्रक घेतलं आणि कागदावर आकडेमोड केली. सहावीच्या मुलालाही जमेल अशी आहे, म्हणून इथे देतो.

१९९८ मध्ये सभासद होते २१२. प्रत्येकी ५० रुपये म्हणजे १०,६००. दहा हजार कुटुंबाला, सहाशे जाण्यायेण्याला आणि हाराला. म्हणजे ज्यानं ही योजना बसवली त्यानं गणित केलं होतं. फक्त एका दिवसाचं केलं होतं.

दहा हजार भागिले पन्नास म्हणजे दोनशे. पैसे देणारे सभासद दोनशेच्या खाली गेले की प्रत्येक मृत्यूमागे खड्डा पडणार. दीडशे उरले तर खड्डा २,५०० रुपयांचा, शंभर उरले तर ५,००० चा. हा खड्डा कुठून भरायचा? आजीवन वर्गणीच्या ठेवीतून. २१२ गुणिले ५०१ म्हणजे १,०६,२१२ रुपये. नव्वदच्या दशकात बँका मुदत ठेवीवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज देत होत्या. तेव्हा या ठेवीवर वर्षाला साडेबारा हजारांच्या वर मिळाले असते आणि त्यात संघाचं वर्तमानपत्र, वीजबिल, चहा सगळं निघालं असतं. २०२० च्या सुमारास तोच दर साडेपाच टक्क्यांवर आला. ठेव शाबूत राहिली असती तरी व्याज निम्म्याहून कमी आणि चहा पाचपट महाग. 'आजीवन' हा शब्द छापताना कोणाच्या जीवनाचा हिशेब धरला होता? माणसं सत्तरीत जातील असं बहुधा गृहीत होतं. आबाजी ८१ चे झाले आणि अजून सायकल चालवतात.

यापुढची गोष्ट जास्त मजेशीर आहे, म्हणजे मेकॅनिकलवाल्यांना मजेशीर. समजा संघात दोनशे माणसं आहेत, सगळी पासष्टीची, आणि वर्षाला शंभरात तीन जातात. सहा मृत्यू, प्रत्येकाला वर्षाला ३०० रुपयांचा भार. पंधरा वर्षांनी तीच माणसं ऐंशीची होतात. आता शंभरात सात-आठ जातात. नवे सभासद येऊन संख्या दोनशेच राहिली असं क्षणभर मानलं, तरी भार साडेसातशेच्या घरात. अशा वेळी साठीचा एखादा नवा माणूस चौकशीला येतो. त्याच्या लक्षात येतं की आपल्याला दरवर्षी पंधरा वेळा पन्नास द्यायचे आहेत आणि आपली पाळी यायला अजून पंचवीस वर्षं आहेत. तो नमस्कार करून निघून जातो. नवे आले नाहीत की सरासरी वय वाढतं, वय वाढलं की मृत्यू वाढतात, मृत्यू वाढले की भार वाढतो, भार वाढला की नवे येत नाहीत आणि जुन्यांपैकीही काही गळतात. कंट्रोल सिस्टिमच्या तासाला आपण ज्याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतो तो हाच. नावात पॉझिटिव्ह असलं तरी त्याचा शेवट कसा होतो हे तो तास जागेपणी ऐकलेल्यांना माहीत आहे.

आपल्याकडच्या भिशीत असं का होत नाही? कारण भिशीत बारा जण असतील तर बारा महिन्यांत खेळ संपतो, प्रत्येकाची पाळी एकदाच आणि ठरलेल्या मुदतीत येते. इथे खेळाला शेवट नाही आणि पाळीची तारीख यमराजाकडे.

एक रेल्वे मेकॅनिक आणि एक धूमकेतू

मला वाटलं, आपण काही नवीन शोधून काढलं. मग वाचल्यावर कळलं की ही चूक फार जुनी आहे आणि ती करणारा आपल्याच धंद्यातला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मेडव्हिल गावी जॉन जॉर्डन अपचर्च नावाचा रेल्वेतला मेकॅनिक होता. १८६८ मध्ये त्यानं 'एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन' ही कामगारांची संघटना काढली. सभासद वारला की बाकीच्यांनी एकेक डॉलर द्यायचा आणि विधवेला मदत करायची. पुढे ही मदत दोन हजार डॉलरपर्यंत गेली. तरुण असो वा म्हातारा, डॉलर एकच. योजना झपाट्यानं पसरली, तिच्या नकला करणाऱ्या शेकडो संस्था निघाल्या. तीसेक वर्षांत सभासद म्हातारे झाले आणि पन्नास रुपयांचं जे आमच्या संघात झालं तेच तिथे डॉलरचं झालं. शेवटी वयानुसार वेगवेगळी वर्गणी लावावी लागली. अपचर्चचा हेतू अगदी स्वच्छ होता, हे मुद्दाम सांगतो.

आणि गंमत बघा, वयाचा हिशेब कसा धरायचा हे त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी छापून आलं होतं. ज्यांच्या नावाचा धूमकेतू आहे त्या एडमंड हॅली यांनी १६९३ मध्ये ब्रेस्लाउ शहराच्या (आताचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) जन्ममृत्यूच्या नोंदींवरून एक तक्ता केला. त्यात वीस वर्षं वयाचे ५९८ जण आहेत, पुढच्या वर्षी ५९२ उरतात. सत्तर वर्षांचे १४२ आहेत, पुढच्या वर्षी १३१ उरतात. म्हणजे विशीत शंभरातला एक जातो आणि सत्तरीत जवळजवळ आठ. दोघांकडून सारखे पन्नास रुपये घेणं हे साध्या आणि ओव्हरलोड बेअरिंगला एकच आयुष्य धरण्यासारखं आहे. आयुर्विम्याचं सगळं शास्त्र या तक्त्यासारख्या तक्त्यांवर उभं आहे. म्हणून तर ठरावीक रकमेची हमी द्यायची असेल तर त्याला विमा म्हणतात आणि त्यासाठी १९३८ च्या विमा कायद्याखाली नोंदणी लागते. 'जेवढे जमतील तेवढे देऊ' म्हणणं ही मदत. 'दहा हजार देऊच' म्हणणं ही हमी. आमच्या संघानं मदतीच्या पैशात हमी दिली होती.

कपाटातली वही

हे सगळं मी आबाजींना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "थे गणित मले समजलं. पर मले हे सांग, त्याइनं सांगाले नोको का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून भाऊबीज झाल्यावर आम्ही दोघं संघाच्या कार्यालयात गेलो. कार्यालय म्हणजे समाजमंदिरामागची एक खोली, एक कॅरम, एक लोखंडी कपाट आणि भिंतीवर हारांसकट फोटो. कोषाध्यक्ष वीज मंडळातून निवृत्त झालेले, वय ७८. आबाजींना बघून उठून उभे राहिले. "या गुरुजी, बसा." मग बराच वेळ कोणीच बोललं नाही.

शेवटी मीच वही मागितली. त्यांनी लगेच दिली, आढेवेढे घेतले नाहीत. वही इतकी नीट होती की मला आमच्या वर्कशॉपच्या जर्नलची लाज वाटली. ३१ मार्च २०२० रोजी ठेव उरली होती ६१,००० रुपये, पैसे देणारे सभासद ९६. त्यानंतर मे २०२१ अखेरपर्यंत एकोणीस मृत्यू. पहिल्या अकरा घरी दहा-दहा हजार पोचवले. ९६ जणांकडून ४,८०० जमायचे, ५,२०० ठेवीतून काढायचे. अकरा वेळा ५,२०० म्हणजे ५७,२००. वहीच्या शेवटच्या ओळीत शिल्लक : ३,८००. तिथे पेन थांबलं होतं.

आजीचा नंबर सतरावा होता.

कोषाध्यक्ष म्हणाले, "आठ घरं राह्यले. कोनत्या तोंडानं जाऊन सांगू, पैसे संपले म्हनून? मीटिंग घेऊ म्हटलं त लॉकडाऊन. मंग सुटला त सुटलाच विषय." त्यांची स्वतःची बायकोही त्या आठांत होती, अठरावी. हे आबाजींना माहीत नव्हतं. दोन वर्षं दोघं एकाच बाजारात भाजी घेत होते.

त्या अर्जातला 'मढ्याच्या टाळूवरचे लोणी' हा शब्दप्रयोग आबाजींनी घरी आल्यावर स्वतःच्या हातानं खोडला. बाकीचं मात्र खोडू दिलं नाही. "चोरी नाई केली. पर लपवलं त खरं ना?" आणि मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. हिशेब चुकणं ही एक गोष्ट आणि हिशेब न सांगणं ही दुसरी.

अर्ज कोणाकडे?

आता जरा कोरडा भाग, पण घरी म्हातारी माणसं असलेल्या सर्वांनी वाचावा असा. मुख्यमंत्र्यांना प्रत पाठवून काही होत नाही. असे बहुतेक संघ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले असतात. म्हणजे त्यांचं वरचं ऑफिस म्हणजे धर्मादाय कार्यालय, आणि ते भंडाऱ्यात आहे. दरवर्षी हिशेब तपासून घेणं, ताळेबंद आणि जमाखर्च ठरलेल्या नमुन्यात तिथे देणं हे विश्वस्तांचं काम. पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत फेरफार अर्ज द्यायचा असतो. विश्वस्त व्यवस्थेच्या नोंदवहीचा उतारा, ज्याला पी.टी.आर. म्हणतात, तो अर्ज करून मिळवता येतो.

आम्ही तो मिळवायला भंडाऱ्याला गेलो. आबाजी पंचाहत्तरीच्या पुढचे असल्यामुळे ऑगस्ट २०२२ पासून त्यांना एसटी फुकट. माझं मात्र पूर्ण तिकीट. कंडक्टरला आधार कार्ड दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर जो विजयी भाव असतो तो बघण्यासारखा आहे. उतारा मिळाला. त्यावर अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव होतं ते २०१५ सालीच वारले होते. त्यांच्या मृत्यूची पन्नास रुपयांची पावती आबाजींच्या डब्यात आहे. संघानं २०१२ नंतर फेरफारच कळवला नव्हता. म्हणजे कागदोपत्री आमचा संघ आठ वर्षं स्वर्गातून चालत होता.

दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. पूर्वी ज्याला आपण ग्राहक मंच म्हणायचो तो, २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाल्यापासून, जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग झाला आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. पण सभासद हा ग्राहक असतो का? सहकारी संस्थांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं तिरुमुरुगन सहकारी कृषी पतसंस्था विरुद्ध एम. ललिता या खटल्यात सांगितलं आहे की सहकार कायद्यात दाद मागायची सोय असली तरी ग्राहक मंचाचं दार बंद होत नाही. कायद्यातली कसोटी अशी की सेवा मोबदला घेऊन दिलेली असावी. फुकट दिलेली सेवा 'सेवा' धरत नाहीत. म्हणजे संघानं फुकट ठेवलेल्या रक्तदाब तपासणीत यंत्र बिघडलं तर तक्रार टिकणं कठीण. पण तेवीस वर्षं पैसे घेऊन दिलेल्या लेखी आश्वासनाबद्दल निदान भांडायला जागा आहे.

मुदत दोन वर्षांची असते. आजी गेली मे २०२१ मध्ये, म्हणजे साध्या हिशेबानं मुदत संपली होती. पण कोरोनामुळे सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला. त्यामुळे आबाजींच्या हातात फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत वेळ होता. हे कळल्यावर मला जोर आला. मी म्हटलं, करूच दावा.

आबाजींनी विचारलं, "कोनावर?"

संघावर दावा म्हणजे ३,८०० रुपये शिल्लक असलेल्या वहीवर दावा. जिंकलो तरी ते पैसे ज्यांच्या खिशातून येतील त्यांत आबाजी स्वतः एक. मी गप्प बसलो.

मेसची तक्रार वही

इथे थोडं विषयांतर. अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञांचं १९७० मधलं एक पुस्तक आहे, त्याचा मुद्दा मला आपल्या मेसवरून लगेच समजला. नाराज माणसासमोर दोन मार्ग असतात : सोडून जाणं किंवा आवाज उठवणं. हर्शमनना हे नायजेरियातल्या रेल्वेवरून सुचलं. रेल्वे वाईट चालत होती आणि समोर ट्रकची स्पर्धाही होती, तरी ती सुधारली नाही. का? कारण ज्यांचा आवाज चालला असता ते ट्रककडे निघून गेले.

आपल्याकडे बघा. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो मेसची भाजी बघून हायवेवरच्या ढाब्यावर जातो. जो उरतो तो एकतर गरीब असतो किंवा फर्स्ट इयरचा. तक्रार वही कोरी राहते आणि महिन्याच्या शेवटी म्हणतात, कोणाची तक्रारच नाही! अमेरिकेतल्या 'एएआरपी' या पन्नाशीपुढच्या लोकांच्या अवाढव्य संघटनेतही २००९ मध्ये आरोग्यविम्याच्या सुधारणांवरून हजारो सभासद रागानं बाहेर पडले. संघटनेला फारसं काही झालं नाही, कारण तिचे सभासद कोटींत आणि नवे येत होते. शिवाय तिचं उत्पन्न वर्गणीपेक्षा विमा कंपन्यांकडून मिळणाऱ्या पैशावर जास्त चालतं. तिथे सोडून जाणं ऐकूच येत नाही. आमच्या तालुक्यातल्या संघात ऐकू आलं असतं, पण आबाजीही दोन वर्षं घरीच बसले. रागावून घरी बसलेला सभासद आणि समाधानी सभासद वहीत सारखेच दिसतात. हे मी त्यांना बोललो तेव्हा ते चिडले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "टाइप कर."

दुसरा अर्ज

नवा अर्ज दीड पानाचा झाला. मागण्या तीन : १ एप्रिल २०१८ पासूनचे हिशेब सभासदांना वाचून दाखवावेत, सर्वसाधारण सभा बोलवावी, साहाय्य निधी चालू की बंद याचा ठराव करून सर्वांना लेखी कळवावं. प्रत फक्त धर्मादाय कार्यालयाला. शेवटची ओळ आबाजींची होती आणि ती मी बदलली नाही : 'पैशाविषयी माझे म्हणणे नाही, परंतु माझ्या पत्नीचे नाव आपल्या वहीत कोठे आहे हे मला पाहावयाचे आहे.'

सभा जानेवारी २०२४ मध्ये झाली. मी परीक्षा संपवून मुद्दाम गेलो. गणपूर्ती नव्हती म्हणून नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून त्याच ठिकाणी पुन्हा सुरू केली. ४१ जण आले होते. कोषाध्यक्षांनी वही वाचली. वाचताना दोनदा थांबले. एक गृहस्थ ओरडले, एका बाईंनी "आता कायले भांडता?" म्हणून त्यांना खाली बसवलं. मला फळ्यावर दोनशेचा आकडा समजावून सांगायला लावलं. आयुष्यातलं माझं पहिलं प्रेझेंटेशन ते, आणि प्रश्न आपल्या व्हायव्हापेक्षा अवघड होते. एका आजोबांनी विचारलं, "मंग ५० चे १५० केले त चालल का?" चालेल, पण किती वर्षं, हे गणित मी त्यांना करून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि तंबाखू मळायला घेतली.

ठराव झाला : निधी बंद. यापुढे कोणी गेलं तर ज्याला जे वाटेल ते त्यानं स्वखुशीनं द्यावं, रक्कम जाहीर करू नये. फेरफार अर्ज द्यायचा. वार्षिक वर्गणी १०० रुपये, आजीवन सभासदत्व नव्यांना नाही. आणि उरलेले ३,८००, व्याज धरून ४,४००, राहिलेल्या आठ घरांत सारखे वाटायचे. प्रत्येकी ५५०. त्यावर कोणीच काही बोललं नाही. मग वहीत मे २०२१ च्या पानावर ती आठ नावं कोषाध्यक्षांनी सर्वांसमोर लिहिली. आबाजी खुर्ची ओढून जवळ जाऊन बसले होते.

चेक मार्चमध्ये आला. मी होस्टेलवर होतो. रात्री मेसच्या रांगेत असताना आबाजींचा फोन.

"बाबू, चेक आला."

"वा! बँकेत टाका मग."

"कसा टाकू? माझं आडनाव चुकलं त्याच्यावर, एक वेलांटी ऱ्हस्व लिहिली. तू शनवारी येशील तवा एक अर्ज टाइप करून दे."